बकनर कोणालाच नको होता

पुणे,
रविवार सकाळ

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

माळ्यावरून उतरवलेल्या माझ्या बेसबॉल कार्डांच्या खोक्याचा फोटो पाठवला, तर तुझा पहिला प्रश्न काय? "आई, याचे किती येतील?" आणि पाठोपाठ ग्रेडिंग करून देणाऱ्या कंपनीची लिंक. फोनवर सांगायला गेले तर "अगं आई, मीटिंग आहे" म्हणून तू मोकळा होशील, म्हणून सरळ लिहायलाच बसले. तुझे बाबा सोसायटीच्या सभेला गेलेत. पुनर्विकासाची सभा आहे, म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंत मला कोणी हाक मारणार नाही.

किमतीचं आधी उरकून टाकते. काही येणार नाहीत. खोक्यातली बहुतेक कार्डं १९८६ ते १९८९ या काळातली आहेत, आणि त्या सुमाराला अमेरिकेत बेसबॉलची कार्डं वारेमाप छापली गेली. त्या मालाला तिकडचे लोक 'जंक वॅक्स' म्हणतात, यावरून काय ते समज. तू म्हणतोस तसं एकेक कार्ड पीएसए या ग्रेडिंगच्या कंपनीकडे पाठवून एक ते दहामधला आकडा लावून घ्यायचा, प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करायचं, तर फीच कार्डाच्या किमतीच्या वर जाईल.

पण हे असं का झालं ते ऐकण्यासारखं आहे. तू आकडेवारीवाला माणूस आहेस, तुला आवडेल.

ब्रुकलिनमध्ये टॉप्स नावाची च्युइंगगमची कंपनी होती. गम खपावा म्हणून त्यांनी पाकिटात खेळाडूंची कार्डं घालायला सुरुवात केली. १९५२ साली त्यांच्याकडच्या साय बर्गर नावाच्या माणसाने ४०७ कार्डांचा संच काढला. समोर रंगीत चित्र, मागे खेळाडूची माहिती आणि आकडे. आजही कार्ड साधारण तसंच असतं. त्या संचातली शेवटची काही कार्डं उशिरा बाजारात आली, तोवर मोसम संपत आला होता, आणि माल पडून राहिला. बरीच वर्षं गोदामात जागा अडवून बसला. शेवटी १९६० साली बर्गरनेच तो बार्जवर चढवला आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून लांब नेऊन अटलांटिक महासागरात बुडवला. पेट्याच्या पेट्या. त्यात ३११ नंबरचा मिकी मँटलही होता. तेच मँटल कार्ड, उत्तम स्थितीतलं, २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

कंपनीने समुद्रात टाकली, तर घरोघरी आयांनी कचऱ्यात टाकली. पोरगा कॉलेजला किंवा फौजेत गेला की त्याच्या खोलीतलं खोकं बाहेर, ही अमेरिकेतली घरोघरची कहाणी. पुढे ती पोरं मोठी झाली, हातात पैसा आला आणि जुनी कार्डं शोधायला लागली. भाव चढले, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. ते वाचून माझ्या पिढीतल्या पोरांनी, आणि त्यांच्या बापांनी, ठरवलं की आपण काही फेकायचं नाही. पेट्या न उघडता बेसमेंटमध्ये रचून ठेवल्या. "पोराच्या कॉलेजची सोय झाली," असं म्हणणारे लोक मी माझ्या कानांनी ऐकलेत. कंपन्यांनीही मागणी बघून छापखाने रात्रंदिवस चालवले. जे फेकलं ते सोन्याचं झालं आणि जे जिवापाड जपलं ते मातीमोल. आमच्या आजीबाईंचं तर विचारूच नकोस, त्यांनी श्रीखंडाचा रिकामा डबा टाकला नाही, खोकं काय टाकणार.

आता माझ्या खोक्याकडे येते.

आजोबांना कंपनीने डेप्युटेशनवर न्यूयॉर्कला पाठवलं आणि आम्ही जर्सी सिटीत राहायला गेलो, हे तुला माहीत आहे. १९८५चा सप्टेंबर. मी पाचवीत. माझं इंग्रजी पुस्तकातलं, आणि वर्गातली पोरं बोलायची ते मला सिनेमातल्यासारखं लांबून ऐकू यायचं. मधल्या सुट्टीत मुलींचे गट आधीच ठरलेले, त्यात शिरायला वाव नव्हता. पोरं मात्र भिंतीपाशी उकिडवी बसून पत्त्यांसारखं काहीतरी सरकवत असायची: "गॉट इट, गॉट इट, नीड इट." एवढे चार शब्द आले की झालं, त्या व्यवहाराला याहून जास्त इंग्रजी लागत नव्हतं. म्हणून मी तिकडे वळले. बेसबॉल मला कशाशी खातात तेही माहीत नव्हतं.

पाकीट चाळीस सेंटला. १९८७च्या पाकिटात सतरा कार्डं आणि गमची एक पट्टी. मेणकागद उलगडला की आधी वास यायचा, गोड, पावडरीसारखा, जरासा पुठ्ठ्याचा. गमची पट्टी गुलाबी, पातळ आणि इतकी कडक की दातांखाली तिचे तुकडे व्हायचे, टोचायचे, मग कुठे थोड्या वेळाने चावण्याजोगी व्हायची, आणि तेवढ्यात तिची चव जायची. पट्टीला चिकटलेल्या कार्डावर तेलकट चौकोन उमटलेला असायचा. खोक्यातली कार्डं काल बघत होते, तो चौकोन अजून तसाच आहे, पण वास गेला. जमवणाऱ्यांनीच तक्रार केली की गममुळे कार्डं खराब होतात, म्हणून टॉप्सने १९९२पासून गम घालणं बंद केलं. ज्या गमसाठी कार्डं आली, तो गमच हाकलला. मला हे अजून पटलेलं नाही.

१९८७च्या टॉप्सच्या कार्डांना लाकडासारखी चौकट होती, जुन्या टीव्हीच्या पेटीला असायची तशी. संचात ७९२ कार्डं. मला आठवड्याला एक डॉलर मिळायचा, म्हणजे दोन पाकिटं, आणि त्यातली निम्मी कार्डं डबल. संच पूर्ण होण्याची शक्यता नव्हतीच, पण त्यामुळेच अदलाबदल करावी लागायची आणि त्यामुळेच पोरं माझ्याशी बोलायची.

आमच्या वरच्या मजल्यावर एक लाल केसांचा मुलगा राहायचा. घरात आम्ही त्याला लाल्या म्हणायचो, त्याला कधी कळलं नाही. लाल्या न्यूयॉर्कच्या मेट्स संघाचा कट्टर. १९८६च्या ऑक्टोबरात मेट्स आणि बोस्टनची वर्ल्ड सिरीज चालू होती आणि २५ तारखेच्या रात्री सहावा सामना. बोस्टनला एक सामना जिंकला की विजेतेपद, जे त्यांना १९१८नंतर मिळालं नव्हतं. दहाव्या इनिंगमध्ये ते दोन धावांनी पुढे, मेट्सचे दोन गडी बाद. आजोबा "संपलं" म्हणून टीव्ही बंद करायला उठले होते. मग एक हिट, दुसरी, तिसरी, मग बोस्टनच्या बोलरचा (पिचर म्हणायला आजोबा कधी शिकले नाहीत) एक बॉल भरकटला आणि बरोबरी झाली. त्यानंतर मुकी विल्सनने सरपटी फटका मारला. अगदी साधा. पहिल्या बेसवर बिल बकनर उभा होता, तो वाकला, आणि बॉल त्याच्या दोन पायांमधून मागे गेला. धाव झाली, मेट्स जिंकले. वरच्या मजल्यावर लाल्याच्या घरात कोणीतरी पातेलं बडवत होतं. दोन दिवसांनी सातवा सामनाही मेट्सनी जिंकला.

आजोबा एवढंच म्हणाले, "बरोबरी तर आधीच झाली होती. याच्या एकट्याच्या नावावर का बिल फाडताहेत?" क्रिकेट बघणाऱ्या माणसाला मिसफिल्डचं काय कौतुक.

पुढच्या वर्षीच्या पाकिटांत बकनर आला की पोरं ओरडायची. कोणालाच नको होता. लाल्याने तर कपड्यांचे चिमटे लावून दोन बकनर सायकलच्या चाकात अडकवले. चाक फिरलं की तारांवर फटफट आवाज व्हायचा, मोटारसायकलसारखा. मला ते बघवेना. बकनरबद्दल मला प्रेम होतं असं नाही, पण मी त्याची मागची बाजू वाचली होती. पोरं पुढची बाजू बघायची, मी मागची, कारण मागे आकडे असतात आणि आकड्यांना उच्चार लागत नाहीत. तिथे वर्षावार ओळी होत्या, १९६९पासून. १९८० साली नॅशनल लीगमध्ये सर्वांत जास्त सरासरी त्याची, .३२४. घोटे कायमचे दुखावलेले असताना तो वर्षानुवर्षं खेळला. त्या सिरीजमध्येही घोट्याच्या वर येणारे बूट घालून उभा होता. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर २,७१५ हिट्स होत्या. त्यातला तोवरचा सगळा हिशोब त्या बारीक अक्षरांतल्या ओळींत होता, आणि ती एक रात्र त्या आकड्यांमध्ये कुठेच नव्हती. मी लाल्याला एक मेट्सचा डबल देऊन चाकातला बकनर सोडवला. मग सवयच लागली. पोरं आपणहून आणून द्यायची, "हे घे, तुझा नवरा." खोक्यात रबरबँड लावलेला जो जाड गठ्ठा दिसला असेल, तो सगळा बकनर आहे. रबरबँड मात्र वितळून चिकटलंय.

दशांश अपूर्णांक मी तिथे शिकले. डॉन मॅटिंग्ली, यांकीजचा, १९८६ साली ६७७ वेळा बॅट घेऊन उभा राहिला आणि त्यात २३८ हिट्स. भाग दे. मी दिला, वहीत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि कार्डावर छापलेलं .३५२ जेव्हा माझ्या वहीत उतरलं तेव्हा मी आजीला मिठी मारली होती. आजोबांना दाखवलं तर ते हिशोब करून म्हणाले, "म्हणजे दहातल्या सहा-सात वेळा हा फुकट जातो, आणि हा हिरो?" त्यांना गावसकरची एक्कावन्नची सरासरी माहीत. त्याच मार्चमध्ये, १९८७च्या, गावसकरने अहमदाबादला पाकिस्तानविरुद्ध कसोटीतल्या दहा हजार धावा पूर्ण केल्या, जगात पहिल्यांदा. आत्याने पत्रातून वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं, ते आजोबांनी माझ्या खोक्यात ठेवलं. "तुझ्या त्या लोकांना दाखव," म्हणाले. मी नेलं. लाल्याने नीट बघितलं, मागे उलटून बघितलं, मागे लग्नाच्या जाहिराती होत्या. त्याने विचारलं, "याचे आकडे कुठे आहेत?"

आता दुकानाचं सांगते, कारण तू पिट्सबर्गला राहतोस.

कोपऱ्यावर वर्तमानपत्रं, सिगरेट, दूध, लॉटरीची तिकिटं विकणारं दुकान होतं. मालक पोर्तो रिकोचा, वयाने आजोबांहून बराच मोठा. गल्ल्याच्या मागे मेरीमातेची तसबीर आणि तिच्या शेजारी तेवढ्याच आकाराचा रोबेर्तो क्लेमेंतेचा फोटो. क्लेमेंते तुझ्या गावच्या पायरेट्स संघाचा. १९७२च्या मोसमात त्याच्या बरोब्बर तीन हजार हिट्स पूर्ण झाल्या. डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला, तर हा स्वतः मदतीचं सामान घेऊन विमानात बसला. ३१ डिसेंबरच्या रात्री विमान समुद्रात पडलं. म्हातारा हे मला दर काही दिवसांनी सांगायचा, तेच शब्द, आणि मी दरवेळी ऐकायची, कारण माझं इंग्रजी त्याला अडाणी वाटत नव्हतं. त्याचंही माझ्यासारखंच होतं.

गमसोबत कार्डं विकायचा हक्क टॉप्सने कोर्टातून राखला होता, म्हणून बाकीच्या कंपन्यांना पाकिटात दुसरं काहीतरी घालावं लागायचं. फ्लीअर स्टिकर द्यायची. डॉनरस कोड्याचे तुकडे द्यायची, एका पाकिटात तीन. ६३ तुकडे जमले की एका जुन्या खेळाडूचं चित्र पूर्ण. आणि १९८७ साली तो खेळाडू होता क्लेमेंते. पोरं तुकडे तिथेच दुकानाच्या दारात टाकायची आणि म्हातारा कपाळाला हात लावायचा. मी ते वेचायला लागले. मग पोरांना सांगून ठेवलं. तेच तेच तुकडे यायचे, त्याच्या टोपीचे माझ्याकडे कितीतरी झाले, गालाचा एक काही केल्या येईना. तो कसा मिळाला माहीत आहे? लाल्याच्या भावाच्या पँटच्या खिशातून, धुऊन निघालेला, फिक्का. म्हाताऱ्याने ते सगळं पुठ्ठ्यावर डकवलं, गाल फिक्काच, आणि मेरीमातेच्या दुसऱ्या बाजूला टांगलं. त्याने मला एखादं पाकीट फुकट दिलं असेल असं तुला वाटत असेल, तर नाही. चाळीस सेंट मोजून घ्यायचा. फक्त ज्या दिवशी नवी पेटी उघडायची असेल त्या दिवशी थांबवून माझ्या हाताने उघडून घ्यायचा.

त्याच उन्हाळ्यात जर्सी सिटीत आपल्या लोकांना त्रास द्यायला सुरुवात झाली. स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्यांचं पत्र तिथल्या पेपरात छापून आलं होतं: भारतीयांना शहरातून हाकलून लावू. डॉट म्हणजे टिकली. सप्टेंबरात शेजारच्या होबोकेनमध्ये एका तरुण भारतीयाला टोळक्याने इतकं मारलं की तो गेला. आजी बाहेर जाताना टिकली काढून आरशाला लावून ठेवायची आणि घरात आल्यावर परत लावायची. यावर घरात काही बोलणं व्हायचं नाही. मला एकटीने दुकानात जायची बंदी झाली. तेव्हा लाल्या आणि त्याचा भाऊ खाली उभे राहून हाक मारायचे, "कार्डं आणायला येतेस?" आणि मी त्यांच्यामध्ये चालायची. त्यांना त्यांच्या आईने सांगितलं असेल, किंवा त्यांचं त्यांनाच सुचलं असेल. मी विचारलं नाही. आजी खिडकीत उभी असायची.

कार्डांचे हे दिवस १९८८च्या आसपास कुठेतरी बिघडले, आणि त्याचं खापर मी एका मासिकावर फोडते. बेकेट नावाचं, दर महिन्याला यायचं. काढणारा संख्याशास्त्राचा प्राध्यापक होता, माणूस हुशार. आत प्रत्येक कार्डाचा भाव आणि शेजारी वर किंवा खाली बाण, शेअर बाजारासारखं. लाल्याच्या भावाने ते आणलं त्या दिवसापासून आमच्या अदलाबदलीचं मातेरं झालं. आधी एका मॅटिंग्लीला तीन मेट्स आणि वर एक च्युइंगगम, असा सौदा ठरायचा, रुसणं-मनवणं व्हायचं, लाल्या रडूनसुद्धा दाखवायचा. आता "बेकेटमध्ये बघू" म्हटलं की बोलणंच संपायचं. रबरबँड गेले, नऊ कप्प्यांची प्लॅस्टिकची पानं आली. कोपरे बघायला भिंग आलं. चाकात कार्ड लावणारा लाल्या आता हात धुऊन पाकीट उघडायचा.

१९८९च्या वसंतात अपर डेक नावाची नवी कंपनी आली. कागद गुळगुळीत, मागे होलोग्राम, पाकीट चकचकीत फॉइलचं आणि टॉप्सहून बरंच महाग. त्यातलं एक नंबरचं कार्ड केन ग्रिफी ज्युनिअरचं, एकोणीस वर्षांचा पोरगा. कार्ड बाजारात आलं तेव्हा तो मोठ्या लीगमध्ये एक सामनाही खेळला नव्हता. लाल्याला तो ग्रिफी लागला. पायऱ्यांवर बसून त्याने तो जाड प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्यांमध्ये घालून चार स्क्रू पिळले. मी हात पुढे केला, तर म्हणाला, "बघ, पण धरू नको." मागची बाजू वाचायची होती मला. ग्रिफी पुढे खरोखरच मोठा झाला, ६३० होमरन, हॉल ऑफ फेम, सगळं. पण लाल्याशी माझा शेवटचा व्यवहार हाच. जूनमध्ये आम्ही परत आलो.

पुण्यात आल्यावर सोसायटीतल्या पोरांना खोकं मोठ्या तोऱ्यात दाखवलं. "हा कोण?" मॅटिंग्ली. "कशात?" बेसबॉल. "म्हणजे राउंडर्स?" इकडे सगळे बिग फनच्या बबलगमचे कागद जमवण्यात गुंग. त्यावर रन छापलेले असायचे, ठरावीक रन झाले की क्रिकेटपटूंचं फ्लिपबुक मिळायचं. एका वेंगसरकरच्या बदल्यात मी अख्खा मॅटिंग्ली द्यायला तयार होते, कोणी ढुंकून बघितलं नाही. जर्सी सिटीत ज्याच्यासाठी पोरं भांडायची तो एरंडवण्यात कवडीचा. खोकं माळ्यावर गेलं ते मी दहावीत असताना, आणि परवा कंत्राटदाराच्या माणसांनी घर रिकामं करायला सांगितलं म्हणून खाली आलं. कडेला कसरीने थोडं खाल्लंय. बकनरला काही झालेलं नाही.

त्या चेहऱ्यांचं पुढे काय झालं ते मी इंटरनेट आल्यावर शोधत बसायचे, तुला झोपवून. मार्क मॅग्वायरचं लाकडी चौकटीतलं कार्ड माझ्याकडे आहे, ३६६ नंबर. १९९८ साली त्याने एका मोसमात सत्तर होमरन मारले तेव्हा लोक वेडे झाले होते. २०१० साली त्याने स्टिरॉइड घेतल्याचं कबूल केलं. मॅटिंग्ली १९९५ला शेवटचं खेळला आणि यांकीज पुढच्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकले. खेळाडू म्हणून तो कधीच त्या सिरीजला पोचला नाही. २०२५च्या ऑक्टोबरात टोरांटोचा कोच म्हणून पहिल्यांदा पोचला, आणि त्यांचा संघ सातव्या सामन्यात हरला. मी सकाळी सहापासून मोबाइलवर बघत होते, बाबा म्हणाले, "एवढं काय झालं?" बकनरला बोस्टनने २००८ साली मैदानावर बोलावून पहिला बॉल टाकायचा मान दिला, सगळं स्टेडियम उभं राहिलं होतं. २०१९ साली तो गेला.

तर विकायचं वगैरे डोक्यातून काढ. रद्दीवाल्याला द्यायचाही विचार नाही, नव्या घरात मला एक कप्पा मिळणार आहे. तुझ्या मित्राची आई पुढच्या महिन्यात तिकडे येते आहे, तिच्याबरोबर एक पाकीट पाठवते. त्यात बॅरी बाँड्स आहे, ३२० नंबर. पुढे भलतंच नाव आणि भलतीच बदनामी मिळवलेला बाँड्स, पण या कार्डावर बावीस-तेवीस वर्षांचा सडपातळ पोरगा आहे, आणि तुझ्या पायरेट्सच्या कपड्यांत. एक बकनरही घातलाय.

आणि मोसम सुरू झाला की एकदा तरी सामन्याला जा. दोन वर्षं त्या गावात राहतोस आणि स्टेडियमच्या आत पाऊल टाकलं नाहीस, हे मला समजत नाही. सामन्याच्या दिवशी क्लेमेंतेच्या नावाचा पूल गाड्यांना बंद असतो, चालत जाता येतं. उजव्या बाजूची भिंत २१ फूट उंच आहे, कारण त्याच्या पाठीवरचा नंबर २१. बाहेर होनस वॅग्नरचाही पुतळा आहे. सिगरेट कंपनीने त्याचं कार्ड १९०९च्या सुमाराला छापलं, त्याने परवानगी नाकारली, छपाई थांबली, म्हणून ती मोजकीच कार्डं जगातल्या सर्वांत मौल्यवान कार्डांत गणली गेली. एक २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं. तुझ्या "किती येतील"चं उत्तर तिथे पुतळ्याखाली उभं राहून शोध.

तिकीट स्वस्तातलं घे, वरच्या मजल्यावरचं. फोटो भिंतीचा पाठव, तुझा नको. जेवण वेळेवर कर. सभा संपली वाटतं, जिन्यात आवाज येतोय.

तुझी,
आई

ता. क. पाकिटात तिसरं कार्ड आहे, १९८९चं फ्लीअर, बिली रिपकन. त्याच्या खांद्यावरच्या बॅटच्या बुडावर मार्करने काय लिहिलंय ते नीट बघ. छापून होईपर्यंत कंपनीत कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मग ते झाकायला त्यांनी काळा चौकोन, पांढरा रंग, गिरगोटा, सगळं करून पाहिलं. माझं न झाकलेलं आहे. सबंध खोक्यात दोन पैसे कशाचे येतील तर याचे. तेव्हा आजीने विचारलं होतं काय लिहिलंय, आणि मी सांगितलं, बॅट बनवणाऱ्या कंपनीचं नाव. परवा खोकं उघडल्यावर नेमकं तेच तिच्या हाती लागलं आणि तिने चष्मा मागितला. म्हणून ते तुझ्याकडे पाठवते आहे.